लाइट गेली, सेव्ह करप्ट झाली. एडिट करून लेव्हल परत आणली तर बॅन बसेल का?

सुदामानगरचा_टार्निश्ड

नमस्कार मंडळी. मी इंदूरहून लिहितोय. घरी पीएस४ स्लिम आहे आणि सध्या तिच्यावर एल्डन रिंग या गेमशिवाय दुसरं काही लागत नाही. मावसभाऊ ग्वाल्हेरला असतो. रात्री जेवणं आटोपली की दोघं हेडफोन लावून बसतो.

परवाच्या वादळात लाइट गेली ती नेमकी मी ग्रेसवर (गेममधला विसाव्याचा थांबा) बसून लेव्हल वाढवत असताना. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूबलाइट आहेत, टीव्हीचा पॉइंट नाही. लाइट आल्यावर कन्सोलने बराच वेळ स्टोरेज तपासलं आणि गेम लावला तर सेव्ह डेटा करप्ट. लेव्हल १३२ होती. मूनव्हेल कटाना +१० पर्यंत नेलेली, तिच्या शेवटच्या दगडासाठी आम्ही दोघं कुठे कुठे भटकलो ते आमचं आम्हाला माहीत. आता भाऊ राक्षसांच्या डोंगरावर पोचलाय आणि मी परत लिमग्रेव्हमध्ये, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या भागात, अंगावर धड कपडे नाहीत, मेंढ्या मारतोय.

जेल रोडला एका दुकानाबाहेर एक जण भेटला. म्हणाला, पेनड्राइव्हवर सेव्ह आण, आयडी-पासवर्ड दे, १२०० रुपयांत पाहिजे तेवढे रून्स (लेव्हल वाढवायला लागणारं गेममधलं चलन) टाकून देतो. दुसरा रस्ता म्हणजे पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचं आणि घरीच करायचं.

मी कुणाच्या जगात घुसून मारामारी करत नाही. जे माझं होतं तेवढंच परत हवंय, एक रूनही जास्त नको. तरी बॅन बसतो का? आणि बसलाच तर गेमपुरता, अकाउंटला, की कन्सोललाच? या अकाउंटवर बाबांच्या कार्डाने घेतलेले बरेच गेम आहेत, ते गेले तर घरात माझं काही खरं नाही.

राजवाडा_रात्रपाळी

काही होत नाही भिया. ऑफलाइन टाक, दोन दिवस ऑफलाइनच खेळ, मग ऑनलाइन जा. अर्धं इंदूर हेच करतं. १२०० मात्र जास्त सांगतोय, घासाघीस कर.

सोल्डरवाले_काका

आधी हात थांबव. गेममधून बाहेर ये आणि सेटिंग्जमध्ये सेव्ह डेटाच्या व्यवस्थापनात जाऊन ऑटो-अपलोड बंद कर. भावासोबत ऑनलाइन खेळतोस म्हणजे पीएस प्लस घेतलेलं आहे, आणि प्लसमध्ये क्लाउडची जागा येतेच. कन्सोल रेस्ट मोडमध्ये ठेवायची सवय असेल तर तुझी जुनी सेव्ह तिथे चढलेली असू शकते. पण तिथे एका सेव्हची एकच प्रत राहते. तू मेंढ्या मारत राहिलास आणि रात्री ती नवी फाइल वर गेली, की जुनीवर पाणी. ऑनलाइन स्टोरेजमध्ये जाऊन तारीख बघ. मग पुढचं वाच.

माझं काम कन्सोल दुरुस्तीचं. दिवसभर एचडीएमआय पोर्ट, फॅन, थर्मल पेस्ट. त्यामुळे सेव्ह एडिट करून मग रडत आलेली गिऱ्हाइकं बरीच बघितली आहेत, आणि एडिट करून मजेत खेळणारीही. वरच्या राजवाडेकरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण त्यांनी कुठला गेम हे विचारलंच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

एक्सबॉक्स ३६० वर २०१० पासून साधा पेनड्राइव्ह चालायला लागला. तेव्हा पोरं सेव्ह कॉम्प्युटरवर आणून हेक्स एडिटरमध्ये उघडायची. गेममध्ये ५०,००० नाणी असली की फाइलमध्ये ‘सी३ ५०’ ही जोडी शोधायची, कारण पन्नास हजार हेक्स म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत तसे लिहितात. ती जोडी फाइलमध्ये चार-पाच ठिकाणी सापडायची. मग गेममध्ये जाऊन थोडी नाणी खर्च करायची, परत सेव्ह, परत शोध. जिथला आकडा हलला ती खरी जागा. पण नुसता आकडा बदलून भागत नसे. फाइलमधल्या मजकुराचा हिशेब करून काढलेला एक चेकसम आणि वर सही, हे दोन्ही नव्याने केलं नाही तर कन्सोल ती फाइल करप्ट म्हणून बाजूला टाकायचा. तुझ्याकडे लाइट गेल्यावर बहुधा हेच झालं, अर्धी लिहिलेली फाइल आणि न जुळणारा हिशेब.

पीएस४ने ही सोय ठेवली नाही. पेनड्राइव्हवर उतरवलेली सेव्ह बघ. पीएस४ नावाचं फोल्डर, आत सेव्हडेटा, त्यात तुझ्या अकाउंटचा लांबलचक आयडी, मग गेमचा क्रमांक. सगळ्यात आत एक मोठी फाइल आणि तिच्या शेजारी जेमतेम ९६ बाइटची छोटी. मोठीला कुलूप, छोटीत तिची किल्ली, आणि ती किल्लीही कुलपात. ते दुसरं कुलूप कन्सोलच्या पोटातच उघडतं. म्हणून विकत मिळणारी सॉफ्टवेअरं तुझी फाइल आपल्या सर्व्हरवर नेतात, तिथे उघडून आकडा बदलतात आणि तुझ्या अकाउंटच्या नावाने परत बंद करून पाठवतात. पीएस५च्या गेमांच्या सेव्ह तर पेनड्राइव्हवर उतरतच नाहीत, त्यांना फक्त क्लाउड.

या सगळ्यात पासवर्ड कुठे लागला? कुठेच नाही. जेल रोडवाला पासवर्ड मागतोय तो सेव्हसाठी नाही. त्याच्याकडे परत जाऊ नकोस. आयडी आधीच दिला असशील तर आज रात्री पासवर्ड बदल आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव.

आणखी एक, जे तुला कुणी सांगितलं नसेल. करप्ट झालेली फाइल एडिट करून जिवंत होत नाही. उघडलीच नाही तर बदलणार काय? तो माणूस तुझ्या मेंढ्या मारणाऱ्या नव्या कॅरेक्टरच्या खिशात रून्स घालून देणार. तुझी मूनव्हेल त्यात नाही, सापडलेल्या ग्रेस नाहीत, मारलेले बॉस नाहीत. म्हणजे ‘जे माझं होतं तेवढंच’ हे एडिट करून मिळतच नाही.

आता बॅनचं. आकडा राहतो कुठे, ते आधी बघायचं. जीटीए ऑनलाइनमधले पैसे रॉकस्टारच्या सर्व्हरवर. तुझ्या डिस्कवर काहीही खरड, तिकडे फरक पडत नाही, कारण पासबुकात पेनाने शून्य वाढवलं म्हणून बँकेत पैसे वाढत नाहीत. त्याच गेमचा स्टोरी मोड मात्र तुझ्या डिस्कवर. डायब्लो ३ बघ, पीसीवर सगळं सर्व्हरवर आणि कन्सोलवर सेव्ह घरात. परिणाम असा की कन्सोलच्या पब्लिक खोल्यांत एका फटक्यात सगळं साफ करणाऱ्या बनावट तलवारींचा सुळसुळाट झाला. एकट्याने खेळायचा स्कायरिम किंवा विचर ३ असेल तर तुझी फाइल, तुझा खेळ. ट्रॉफ्यांच्या यादीवर कुणी नाक मुरडलं तर तेवढंच.

एल्डन रिंग अधलामधला. फाइल तुझ्या घरात, पण ती घेऊन तू दुसऱ्याच्या जगात जातोस. असे गेम आल्यागेल्याची फाइल तपासतात. पीसीवर ईझी अँटी-चीट आहे, कन्सोलवर ते नाही, म्हणून पोरांना वाटतं इथे रान मोकळं. पण साध्या बेरजेतही माणूस सापडतो. या गेममध्ये आठही गुणांची बेरीज करून ७९ वजा केले की लेव्हल येते. रेच क्लास लेव्हल १ ला सुरू होतो, आठही गुण दहा-दहा, ८० वजा ७९, एक. तुझ्या १३२ ला बेरीज २११ च हवी. कुणी नुसती ताकद ९९ करून लेव्हल तशीच ठेवली की फाइल खोटी हे ओळखायला माणूस बसवावा लागत नाही. तू किती प्रामाणिक आहेस हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, बेरीज मात्र असते.

त्याहून वाईट म्हणजे गेममध्ये नसलेल्या वस्तू. २०२२ मध्ये काही टवाळांनी फायलींत पडून राहिलेला, प्रत्यक्ष गेममध्ये कधीच न दिलेला अंतर्वस्त्राचा एक तुकडा बाहेर काढला आणि अनोळखी खेळाडूंपुढे टाकायला सुरुवात केली. ज्यांनी उचलला त्यांना १८० दिवसांचा दंड. एडिट करणारा वेगळा, भोगणारा वेगळा. म्हणून अनोळखी माणसाने जमिनीवर टाकलेलं काही उचलू नकोस, कितीही चमकत असलं तरी.

हा बॅन गेमपुरता असतो. तुला ऑनलाइन जाता येतं, पण तुझ्यासारख्याच दंड झालेल्यांत. भाऊ दिसणार नाही. अकाउंटवरचा बॅन कन्सोल कंपनीचा. बदललेला डेटा आणि चीट यांना त्यांच्या अटींत मनाई आहेच. तो बसला तर स्टोअर, क्लाउड, ऑनलाइन, सगळ्याला कुलूप, म्हणजे बाबांच्या कार्डाचा प्रश्न इथे येतो. निव्वळ एका सेव्हसाठी कुणी तिथवर जात नाही असं माझं निरीक्षण आहे, पण ते निरीक्षण आहे, हमी नाही. तिसरा बॅन कन्सोललाच, तो बहुतेक करून सिस्टिमशी छेडछाड केल्याबद्दल. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने असे ढिगाने ३६० एक्सबॉक्स लाइव्हवरून काढून टाकले, आणि तशी मशिनं मग स्वस्तात विकायला निघाली. सेकंडहँड घेताना अजूनही दुकानात उभं राहून ऑनलाइन साइन इन करून बघा. ‘घरी नेट लावा, चालेल’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

माझं मत विचारशील तर रून्स घालू नकोस. क्लाउडमध्ये काही नसलं तर भावाला सांग, मल्टिप्लेअर पासवर्ड लावा. पासवर्ड लावला की लेव्हलचं बंधन उठतं, तो कितीही पुढे असला तरी तुझ्या जगात येतो, त्याची ताकद गेम आपोआप खाली आणतो. त्याच्याकडे लॉर्ड्स रून पडून असतील तर तो तुझ्यापुढे टाकू शकतो, एकेकाचे ५०,००० रून्स मिळतात. गेमनेच दिलेली वस्तू, गेमनेच दिलेला रस्ता.

ग्वाल्हेरी_वकिली

काकांचं तांत्रिक म्हणणं पटलं, पण एक मुद्दा निसटला. डिस्क मी घेतली, कन्सोल माझा, फाइल माझ्या घरात. तिच्यातला आकडा मी बदलला तर कुणाचं काय गेलं? हा वाद युरोपात सर्वोच्च पातळीवर लढून झालाय. सोनी विरुद्ध डेटेल, चीटची साधनं विकणारी कंपनी. सोनीच्या हातात धरायच्या पीएसपीच्या मोटरस्टॉर्म आर्क्टिक एजमध्ये बूस्टर संपूच नयेत अशी सोय डेटेलच्या अ‍ॅक्शन रिप्लेने दिली होती. सोनी म्हणाली, हा आमच्या प्रोग्रामचा बदल आहे. १७ ऑक्टोबर २०२४ ला युरोपियन न्यायालयाने सांगितलं की प्रोग्रामचा कोड तसाच ठेवून, चालू असताना मेमरीत राहणारे आकडे बदलले तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. अमेरिकेत गेम जिनी या तशाच चीटच्या साधनाच्या खटल्यात निन्टेन्डो १९९२ मध्येच अपिलात हरली होती.

जपान मात्र बरोबर उलट. तिथे २०१८ मध्ये अनुचित स्पर्धेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सेव्ह बदलायची साधनं विकणं, पैसे घेऊन सेव्ह बदलून देणं बेकायदा ठरलं. एडिटर बनवणाऱ्या एका कंपनीने त्याच वर्षी विक्री थांबवली. पोकेमॉन बदलून विकणाऱ्याला तिथे २०२४ मध्ये अटकही झाली. म्हणजे तुमचा जेल रोडवाला टोकियोत असता तर आत असता.

सोल्डरवाले_काका

वकीलसाहेब, खटले छान सांगितलेत, ते मेमरीतल्या आकड्यांचं मला नव्हतं माहीत. पण कॉपीराइट मोडला नाही म्हणजे ऑनलाइन येऊ द्यायलाच पाहिजे असं कुठे ठरलं? सर्व्हर त्यांचा. साइन इन करताना आपण ज्या लांबलचक अटींवर न वाचता बोट दाबतो त्याच तिथे लागू. कोर्टात जिंकाल आणि रात्री लॉगिन होणार नाही.

ग्वाल्हेरी_वकिली

मान्य. करार वेगळा, कॉपीराइट वेगळा. माझा राग करारावर आहे. ग्राहकाला ‘नाही’ म्हणायची सोय नसलेला करार हा कसला करार, हे मी परीक्षा झाल्यावर लिहीन.

बडोद्याची_आत्या

मी खेळत नाही, माझा भाचा खेळतो, सुट्टीत निन्टेन्डोचा स्विच घेऊन माझ्याकडे येतो. पोकेमॉन स्कार्लेट. त्याच्या वर्गातल्या एकाने सांगितलंय की कॉम्प्युटरवर पीकेहेक्स या सेव्ह एडिटरने हवा तो पोकेमॉन हव्या त्या रंगात बनतो. आता तो माझ्या मागे लागलाय की आत्या, तुझा लॅपटॉप दे. सोल्डरवाले काका, तुम्ही सांगितलेलं इथेही लागू आहे का? तो मित्रांशी अदलाबदल करतो, आणि पुढे स्पर्धेत उतरायची स्वप्नं आहेत.

सोल्डरवाले_काका

ताई, लॅपटॉप देऊ नका. स्विचमध्ये सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीत राहते, कार्डावर उतरत नाही. या पोकेमॉन गेमांना क्लाउड बॅकअपही नाही. त्यामुळे ती बाहेर काढायची तर आधी कन्सोलचीच सिस्टिम बदलावी लागते, आणि निन्टेन्डो पकडते ते तिथे. २०१८ मध्ये स्विचच्या टेग्रा चिपमधली एक फट सापडली, ती सुरुवातीच्या मशिनांत कायमची आहे, म्हणून जुन्या स्विचला त्या मंडळींत भाव. माझ्या टेबलावर एक आलं होतं. पडदा, जॉयकॉन, सगळं नव्यासारखं, ई-शॉप उघडायला गेलं की एरर २१२४-४००७. गिऱ्हाईक म्हणे वायफायची चिप बदला. वायफायला काही झालेलं नव्हतं, कन्सोलची ऑनलाइन ओळखच बंद केलेली होती. त्यावर माझ्याकडे औषध नाही, कुणाकडेच नाही. मे २०२५ मध्ये त्यांनी करारात आणखी कडक वाक्य घातलंय, छेडछाड केली तर उपकरण कायमचं निकामी करायचा हक्क राखून ठेवलाय.

स्पर्धेचं म्हणाल तर २०२३ ची जागतिक स्पर्धा योकोहामात झाली, तिथे पोकेमॉन तपासले आणि बनावट सापडलेले खेळाडू बाद केले. काहींचं म्हणणं होतं की आम्ही ते अदलाबदलीत घेतले, आम्हाला काय ठाऊक. बाद ते बादच. भाच्याला एवढंच सांगा की स्पर्धेच्या संघातला प्रत्येक पोकेमॉन स्वतः पकडलेला किंवा अंड्यातून काढलेला असू दे. मित्राने फुकट दिलेला सहा परफेक्ट आकड्यांचा चमकता पोकेमॉन घरी बघायला छान.

बडोद्याची_आत्या

त्याला वाचून दाखवलं. तोंड फुगवून बसलाय, पण लॅपटॉप मागणं थांबलंय. आता विचारतोय की चमकता पोकेमॉन मित्राला परत दिला तर चालेल का.

राजवाडा_रात्रपाळी

माझ्याकडे कुणाचा तरी टाकलेला एक ढालीचा प्रकार आहे, नाव नीट दिसत नाही. काका, फेकून देऊ का?

सोल्डरवाले_काका

आधी विकीवर त्या नावाने शोध. तिथे ती ढाल गेममध्ये कुठे मिळते हे लिहिलेलं असेल तर ठेव. नसेल तर ऑनलाइन जायच्या आधी टाकून दे, आणि ‘काही होत नाही भिया’ जरा कमी म्हण.

सुदामानगरचा_टार्निश्ड

काका, सापडली! ऑनलाइन स्टोरेजमध्ये होती. जरा जुनी आहे, लेव्हल ११८, मूनव्हेल +८, पण लेयंडेल ही राजधानी ओलांडलेली आहे. करप्ट फाइल डिलीट करून ती उतरवली, उघडली. भावाला फोन केला तर तो म्हणे दगड परत शोधायला मी येणार नाही, तुझं तू बघ. मग रात्री आपणहूनच आला.

पासवर्ड बदलला. जेल रोडवाल्याचा मेसेज आला होता, ९०० मध्ये करतो म्हणून. ब्लॉक केलं. एकच विचारायचं, आता ऑटो-अपलोड परत चालू करू ना? आणि टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यावा का?

सोल्डरवाले_काका

ऑटो-अपलोड चालू कर, पण आधी एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून ठेव, पीएस४ला ते जमतं. महिन्यातून एकदा तीच प्रत ताजी करत जा. इन्व्हर्टरवर पॉइंट घेऊ नकोस. साधा इन्व्हर्टर बदली व्हायला क्षणभर घेतो, तेवढ्यात पीएस४ बंद पडू शकते. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस घे, ६०० व्हीएचा चालेल, त्यावर कन्सोल आणि राउटर लाव, मोठा टीव्ही नको. लाइट गेली की तो टी टी करतो, तेवढ्या वेळात मेन्यूतून ‘क्विट गेम’ होतं. टीव्हीवर काही दिसणार नाही, म्हणून कोणतं बटण किती वेळा दाबायचं ते आत्ताच पाठ करून ठेव.